अस्सल पत्र आणि बखर : लोणावळ्यातील एका डॉजच्या निमित्ताने

धागा लांबणार आहे आणि विषय नेहमीच्या गडकोटांपासून जरा दूरचा आहे. मुद्दा मात्र आपलाच, म्हणजे इतिहासाच्या साधनांचा आहे. म्हणून थोडा धीर धरावा.

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका गडद हिरव्या फोर्ड मस्टँगचा लिलाव झाला. १९६८ च्या 'बुलिट' या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून जी गाडी उधळली, तीच ही. १९७४ साली न्यू जर्सीतील एका गृहस्थाने ती सहा हजार डॉलरना विकत घेतली आणि त्यांच्या घरात ती काही वर्षे रोजच्या ये-जा करण्यासाठी वापरली गेली. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली. मालकाने दाद दिली नाही. पुढे ती बराच काळ बंदच उभी होती. लिलावाच्या मांडवात ती आली तेव्हा रंग विटलेला, पत्र्याला गंज, चित्रीकरणासाठी केलेल्या जोडकामाच्या खुणा तशाच. दलालीसह किंमत आली ३७ लाख ४० हजार डॉलर. तोवर कोणत्याही मस्टँगला एवढी किंमत आली नव्हती.

इतक्या पैशांची गाडी कोणी नीट रंगवूनही आणली नाही, याचे आपल्याकडे बहुतेकांना नवल वाटेल. पण तो रंग काढला असता तर उरली असती एक हिरवी मस्टँग, आणि तशा हजारो आहेत. त्या विशिष्ट गाडीची ओळख पटवणारा पुरावा त्या ओरखड्यांतच होता.

हे सारे आठवण्याचे कारण माझा एक मित्र. इंग्रजी चित्रपटांतील पाठलाग पाहत वाढलेल्या आमच्या पिढीतील अनेकांप्रमाणे त्यालाही 'मसल कार' हवी होती. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, फार महाग नसलेल्या मोटारीत बसवलेले अवाढव्य व्ही-आठ इंजिन. या प्रकाराची सुरुवात सहसा १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून मानतात. तिचे इंजिन जवळजवळ ६.४ लिटरचे होते. त्याच वर्षी आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून जी फिएट ११०० बाहेर पडत होती, तिचे इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. अॅम्बॅसॅडर १४८९, स्टँडर्ड हेरल्ड ९४८. म्हणजे एका जीटीओच्या पोटात आपल्या जवळजवळ सहा फिएटी मावल्या असत्या.

मग अशी गाडी मावळात कुठून असणार? परकीय चलनाची चणचण आणि आयातीवरचे कडक निर्बंध यांमुळे मसल कारचा जो ऐन बहर, म्हणजे साधारण १९६४ ते १९७३, तोच काळ भारताच्या मोटारबाजाराची दारे बंद असण्याचा. मित्राने वर्षभर शोध घेतला. मस्टँग सापडली नाही. सापडली ती लोणावळ्याच्या तुंगार्ली भागातील एका जुन्या बंगल्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली पन्नाशीच्या दशकातील डॉज किंग्जवे; साठहून अधिक वर्षे एकाच घरात राहिलेली आणि एकदाही 'रिस्टोअर' न झालेली.

ही मसल कार नव्हे, हे वाहनप्रेमी वाचकांनी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो. चार्जर आणि चॅलेंजर ही नावे ज्या डॉजने पुढे गाजवली, तिच्याच घराण्यातील ही एक शांत, पोक्त थोरली बहीण. पण आपल्या भूमीचा विचार केला तर अमेरिकन ताकद म्हणून बोरघाट चढली ती हीच पिढी.

या गाड्या इथे आल्या कशा, ते थोडक्यात. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला आणि शेव्हरोले गाड्या तिथे जोडल्या जाऊ लागल्या. १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लर कंपनीच्या परवान्याखाली डॉज, प्लिमथ आणि डिसोटो ही त्रिमूर्ती बाहेर पडू लागली. सुटे भाग पेट्यांतून बोटीने येत आणि इथे जोडले जात. (गमतीचा भाग असा की निर्यातीसाठीची किंग्जवे ही आतून बव्हंशी प्लिमथच होती, दर्शनी मुखवटा तेवढा डॉजचा.) वालचंदांचा आपल्या परिसराशी आणखी एक धागा आहे. त्यांच्या बांधकाम कंपनीने आरंभीच्या काळात हाती घेतलेल्या कामांत बोरघाटातील रेल्वेचे बोगदे होते. ज्या माणसाने हा घाट आतून पोखरला, त्याच्याच कारखान्यातील गाड्या पुढे तो घाट बाहेरून चढू लागल्या.

१९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवले की नुसती जुळणी चालणार नाही. टप्प्याटप्प्याने येथेच उत्पादन करणार असाल तर राहा. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. प्रीमियर राहिली, पण तिचे लक्ष हळूहळू लहान फिएटकडे वळले. त्यानंतर मोठी अमेरिकन गाडी येथे यायची ती प्रामुख्याने परदेशी वकिलातींमार्फत. त्यांच्या वापरलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या हातून विकल्या जात आणि एखादी इम्पाला एखाद्या नटाच्या किंवा उद्योगपतीच्या दारात जाऊन उभी राहत असे. तुंगार्लीची डॉज त्या झगमगाटातली नाही. आताच्या मालकांच्या वडिलांनी ती १९६१ मध्ये मुंबईतील एका डॉक्टरांकडून जुनी म्हणूनच घेतली होती. मालक आता ऐंशीच्या घरात आहेत. मुले परदेशी, बंगला विकायचा आहे.

आम्ही दोघे गाडी पाहायला गेलो तेव्हा मित्राने आधी बॉनेट उघडले आणि त्याचा चेहरा पडला. आत क्रायस्लरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन नव्हतेच. तिथे होते पर्किन्सचे डिझेल.

"काका, मूळ इंजिन कुठंय?"

"भंगारात," काका शांतपणे म्हणाले. "चौऱ्याहत्तर साली. तुझ्या गाडीनं तेव्हा पेट्रोल प्यायलं असतं का फुकट?"

परत येताना मित्राने हिशोब मांडायला सुरुवात केली : अमेरिकेतून जुने इंजिन मागवायचे, पत्रा उघडा करून नवा रंग मारायचा, क्रोम चढवायचे, आतील गाद्या नव्या शिवायच्या, "अगदी शोरूममधून निघाली तशी" करायची. इथेच आमचे बिनसले. या धाग्यातील माझे म्हणणे एवढेच आहे की त्याने ती गाडी जरूर घ्यावी, पण तिला 'नवी' करू नये. आणि ते डिझेल इंजिन तर काढूच नये.

आधी त्या इंजिनाकडेच पाहू. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, तेलाची कोंडी झाली आणि कच्च्या तेलाचा भाव सुमारे तीन डॉलरवरून काही महिन्यांत जवळजवळ बारा डॉलरवर गेला. अमेरिकेत विम्याचे चढे हप्ते आणि धुराविषयीचे नवे कायदे यांनी मसल कारचा श्वास आधीच कोंडला होता. तेलाने उरलेले काम केले. आपल्याकडे नोव्हेंबर १९७३ मध्ये पेट्रोलच्या दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. आणि गावोगावच्या मिस्त्रींनी या थोराड अमेरिकन गाड्यांची इंजिने उतरवून त्यांत डिझेल बसवायला घेतले. मद्रासची सिम्पसन कंपनी पर्किन्सची इंजिने परवान्याखाली बनवत असे. ट्रक, ट्रॅक्टर, पंप यांच्यासाठी ओळखीची असलेली ती इंजिने या ऐसपैस बॉनेटखाली सहज बसत.

हे काम वाटते तितके सोपे नव्हते. किंग्जवेची विजेची यंत्रणा सहा व्होल्टची. डिझेल सुरू करायला बारा व्होल्टचा जोर लागतो. म्हणजे स्टार्टर, डायनॅमो, दिवे, वायरिंग सारेच बदलणे आले. इंजिनाचे वजन वेगळे, थरथर वेगळी, म्हणून त्याचे पाय चॅसिसवर नव्याने बसवावे लागले. तुंगार्लीच्या गाडीत हे पाय कोणत्या तरी जाड पट्टीतून हाताने कापून, वेल्ड करून केलेले दिसतात. अमेरिकेतील कोणत्याही पुस्तकात त्यांचे रेखाचित्र मिळणार नाही. ज्याने ते केले त्याचे नाव कुठे नोंदलेले नाही. १९७३ च्या तेलसंकटाचा मावळातील पुरावा मला दाखवा, असे कोणी म्हणाले तर मी त्याला आधी त्या दोन लोखंडी पायांकडे नेईन.

आता आपल्या शास्त्राकडे येतो. वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला तेव्हा त्यांचा हट्ट काय होता? बखर बाजूला ठेवा, अस्सल पत्र काढा. बखर वाचायला गोड असते, अखंड असते, तिच्यात कुठे भोक नसते, कारण भोके लिहिणाऱ्याने बुजवलेली असतात. अस्सल पत्र फाटके, कसरीने खाल्लेले, मधेच तुटणारे. पण जे उरले आहे ते त्या क्षणाचे असते. रियासतकार सरदेसाई बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त होऊन मावळातच, कामशेतला येऊन राहिले आणि पेशवे दप्तराच्या निवडक कागदांचे ४५ खंड त्यांच्या संपादनाखाली निघाले. लोणावळ्याच्या शेडपासून कामशेत फार दूर नाही. एखाद्या रुमालातील मोडी पत्राची शाई फिकट झाली म्हणून रियासतकारांनी ती नव्या शाईने गिरवून काढली असती का?

पूर्णतः 'रिस्टोअर' केलेली गाडी ही माझ्या मते बखर आहे. तिच्यात खोटे सगळेच असते असे नाही. कित्येकदा कारागिरी अप्रतिम असते. पण मूळ किती आणि जोड किती, हे पाहणाऱ्याला कळेनासे होते. आपल्या गावोगावच्या देवळांचे जीर्णोद्धार आठवा : काळ्या पाषाणावर ऑइलपेंट, गाभाऱ्यात चकचकीत फरशी, वीरगळांना चंदेरी रंग. तेव्हा हळहळणारे आपणच गाडीच्या बाबतीत मात्र 'शोरूम कंडिशन' म्हणून टाळ्या वाजवतो.

योगायोग असा की जीटीओ आणि मस्टँग ज्या वर्षी आल्या, त्याच १९६४ साली व्हेनिसला वास्तुसंवर्धनाची प्रसिद्ध सनद मान्य झाली. जिथे अटकळ सुरू होते तिथे जीर्णोद्धाराने थांबावे आणि वास्तूत निरनिराळ्या काळांनी घातलेल्या भरीचा मान राखावा, असा तिचा आशय आहे. पुढे जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, 'फिवा'ने, याच विचारावर बेतलेली ट्यूरिन सनद स्वीकारली. म्हणजे मोटारीला स्मारकाचे तत्त्व लावणे हे एका इतिहासवेड्या विद्यार्थ्याचे खूळ नव्हे.

आणि सनदा हव्यात कशाला? कार्ल्याला जा. चैत्यगृहाच्या छताला सागवानी कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. दगडात कोरलेल्या छताला लाकडी कमानींची गरजच नव्हती. लाकडी बांधकामाच्या सवयीतून त्या आल्या, आणि त्या जागेवर टिकल्या म्हणून आज आपल्याला ती सवय दिसते. कुणी उत्साहाने त्या काढून नवे पॉलिश केलेले सागवान बसवले असते तर आकार तोच राहिला असता आणि साक्ष गेली असती. त्याच चैत्याच्या दाराशी एकवीरा आईचे देऊळ उभे आहे. एका सिंहस्तंभाच्या जोडीचा दुसरा स्तंभ तिथे असावा असे मानतात. मूळ आराखडा दिसावा म्हणून ते देऊळ हलवा, असे म्हणण्याचा विचारही कोणाच्या मनात येणार नाही. चैत्यही कार्ल्याचा इतिहास आणि कोळी बांधवांची आईही. डॉजमधील पर्किन्सला मी त्याच न्यायाने पाहतो. कुर्ल्यात जोडलेली अमेरिकन गाडी हा एक थर आणि चौऱ्याहत्तरचे डिझेल हा दुसरा.

अडचण कायद्याची आहे, आणि ती खरी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन 'विंटेज' वाहनांची स्वतंत्र नोंदणी आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली असावीत, वाहन मूळ रूपात असावे, चॅसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, पुनर्नोंदणीला ५ हजार. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर राखता येतो. प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर आणायची, रोजच्या वापरासाठी नाही. हेतू उत्तम आहे. पण परिणाम पाहा. जी गाडी १९७४ पासून बदललेली नाही ती 'मूळ रूपात नाही' म्हणून बाहेर राहण्याची शक्यता. आणि तेच इंजिन काढून परदेशातून आणलेले, या गाडीशी कधीही संबंध नसलेले पेट्रोल इंजिन बसवले तर तिचे 'मूळ रूप' परत आले असे भासवता येईल. नियमाला खरेपणा हवा आहे आणि तो बक्षीस देतो आहे उत्तम नकलेला.

त्यातही विशेष म्हणजे काकांच्या आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात 'पेट्रोल' खोडून 'डिझेल' लिहिलेले आहे, वर आरटीओचा शिक्का आणि सही. राज्यव्यवस्थेने तो बदल तेव्हा स्वतः तपासून नोंदवला होता. ठरावीक वर्षांपूर्वी झालेला आणि पुस्तकात नोंदलेला बदल हा वाहनाच्या इतिहासाचाच भाग समजावा, एवढी एक ओळ नियमात घातली तर माझ्या मित्रासारख्यांवरचा मोह टळेल.

यावर मित्राचा आक्षेप असा की मग गंजही इतिहासच म्हणायचा का? नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. शेड गळते आहे, आणि मागच्या दाराचा खालचा पत्रा बोटाने दाबला तर भुगा पडतो. ही गळती आणि गंज थांबवलेच पाहिजेत. हस्तलिखिताला लागलेली कसर काढतात तसे. ब्रेकच्या नळ्या, टायर, वायरिंगमधील उघड्या तारा यांबाबत तडजोड नको. घाटात माणसे असतात. फक्त जे बदलाल त्याची नोंद ठेवा, काढलेला भाग फेकू नका, आणि जो रंग शिल्लक आहे त्याला हात लावू नका. डाव्या मडगार्डवर मूळ राखाडी रंगावर हाताने मारलेला निळसर पट्टा आहे. काका म्हणाले, अडुसष्ट साली खंडाळ्याच्या वळणावर एका ट्रकने घासले होते.

व्यवहाराकडे वळू, कारण दीर्घकाळच्या मालकाकडून घेण्याचे खरे मोल इथे आहे. दलालाकडून गाडी मिळते; मालकाकडून तिचे दप्तर मिळते. २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून मालकी बदलते, पण तेवढ्यावर थांबू नये. चॅसिस नंबर प्रत्यक्ष पुसून, आरसी बुकाशी ताडून पाहावा. कराच्या जुन्या पावत्या, विम्याचे कागद, गॅरेजची बिले, चाव्यांचा जुडगा, गाडीशेजारी उभे राहून काढलेले लग्नातले फोटो, सारे मागून घ्यावे. १९८९ च्या आधीचा 'बीएम'ने सुरू होणारा मुंबईचा नंबर असेल तर तो कोणत्याही परिस्थितीत राखावा. आज मावळातली नवी गाडी 'एमएच १४' लावून फिरते; ती दोन अक्षरे मुंबई राज्याची आठवण आहेत.

काकांकडे एक वही आहे. वडिलांनी सुरू केलेली, पुढे त्यांनी चालवलेली. प्रत्येक वेळी किती इंधन भरले, मीटरवर किती मैल, काय काम निघाले. सुरुवातीच्या पानांवर गॅलन आहेत, पुढे लिटर येतात. दशमान पद्धत घराघरांत कशी पोहोचली ते एका पान उलटण्यात दिसते. 'घाटात दोनदा पाणी घातले' ही नोंद उन्हाळ्याच्या जवळजवळ प्रत्येक फेरीला. चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये अक्षर तेच, पण रकान्याचे नाव बदलले आहे : डिझेल. एका ठिकाणी नुसतेच लिहिले आहे, 'अमृतांजन पुलाखाली दोन तास'. का, ते काकांनाच माहीत. १८३० चा तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला गेला.

म्हणून मित्राला मी सुचवले आहे की पैसे ठरवायच्या आधी दोन दुपारी नुसते बसून काकांचे बोलणे ध्वनिमुद्रित कर. गाडीतला कोणता आवाज कशाचा, कोणता दरवाजा कसा उचलून लावायचा, थंडीत ती कशी सुरू होते, हे त्यांच्यानंतर कोणी सांगू शकणार नाही. त्याने पहिली दुपार केली आहे. साडेतीन तासांचे ध्वनिमुद्रण झाले. वहीची मूळ प्रत द्यायला काका तयार नव्हते; मुलीकडे पाठवायची म्हणाले. शेवटी पानन् पान छायाचित्रित करून द्यायचे ठरले आणि ते काम माझ्याकडे आले आहे. बयाणा दिला आहे. शेडवर नवे पत्रे पावसाच्या आत पडतील. इंजिनाचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. मित्राने अमेरिकेतील एका विक्रेत्याकडून दर मागवला आहे, आणि मी त्याला येत्या रविवारी पुन्हा एकदा कार्ल्याच्या पायऱ्या चढायला घेऊन जाणार आहे.